शहादेवच्या कॅरिअरवर

जवळ सरका, पोरांनो. शहादेव माझा मावसभाऊ. त्यानं स्वतः मला सांगितलेलं आहे हे, पारावरचं ऐकीव नाही.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. वडवणीहून झेंडूचा हार घेऊन शहादेव सायकलवर दिंद्रुडच्या रस्त्याला लागला होता. हार मुंजाजीसाठी. वर्षापूर्वी त्याच तारखेला मुंजाजीच्या सायकलीला ट्रकनं उडवलं आणि ट्रक पळून गेला. बिचारा पहाटेपर्यंत पुलाजवळ जिवंत पडून होता, दवाखाना तिथून जेमतेम कोसभर. म्हणून बद्रीनाथ मास्तरांनी ठरवलं की, आसपासच्या साऱ्या सायकलवाल्यांनी त्या रात्री घंटी न वाजवता पुलापर्यंत जायचं आणि हार घालायचा. साठेक सायकली पुढं गेल्या होत्या. शहादेवची चेन उतरली, तो मागं राहिला.

एक गोष्ट मात्र मास्तरांनाही ठाऊक नव्हती. आदल्या वर्षी त्या रात्री शहादेव पुलावरून गेला होता. मुंजाजीनं त्याला हाक मारली होती, "भाऊ, दवाखान्यात ने." पोलिसांचं लचांड नको, म्हणून यानं पायडल जोरात मारलं. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

रस्ता सपाट होता, तरी सायकल जड झाली. त्यानं उतरून चाक दाबलं. हवा होती. परत बसला, तर मागं कॅरिअर करकरलं. कुणी हळूच बसावं तसं...

चांद उगवायचा होता. वारा नव्हता.

मागून श्वास. तुटका. ओला.

मग पाठीला कपाळ टेकलं. गार.

"भाऊ..."

शहादेवनं मान वळवली नाही. सायकल टाकून पळावं वाटलं. पाय पायडलवरून निघेनात. अन् त्याच्याच तोंडून निघालं, "घट धर. नेतो."

कमरेभोवती दोन हात आले.

पुलावर बॅटऱ्या दिसल्या. मास्तर ओरडले, "शहादेव, थांब बे! हार कुठं चाललास घेऊन?"

"थांबता यायचं न्हाई, मास्तर. मागं माणूस हाय!"

मागं कुणीच नव्हतं. पण मागचा टायर दबून रिमला लागलेला साठ जणांनी पाहिला.

दवाखान्याचं दार त्यानं बडवलं. आप्पाराव कंपाउंडर डोळे चोळत आला. "इतक्या रातचं कावून आलास? पेशंट कुठंय?"

शहादेवनं मागं बोट केलं...

आप्पारावनं त्याचा चेहरा पाहिला, मग रिकामं कॅरिअर पाहिलं. काही न विचारता कोपऱ्यातली खाट झटकली. शहादेव खाटेशेजारी फरशीवर बसला. रात्रभर श्वास ऐकत. चारच्या सुमारास...

श्वास थांबला.

उजाडल्यावर तो मुंजाजीच्या बायकोच्या, भिवराबाईच्या दारात गेला. सगळं कबूल केलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "लई उशीर केलास, बाबा." आणि दार लावून घेतलं.

इकडं आप्पाराव खाट आवरायला गेला, तर गादीत माणसाएवढा खळगा. डोकं, खांदे, टाचा. गादी बडवली, उन्हात टाकली. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळगा परत तसाच. फक्त कूस बदललेली.