उजव्या मांडीतली कळ

त्या दुपारी आबांनी दशमी खाल्ली, ताक प्यायले आणि खाटेच्या पायथ्याशी लोंबणाऱ्या वाळूच्या पिशवीकडे बोट दाखवून लेकीला म्हणाले, "बघ माय, मोटेच्या बैलावानी जुंपलंय मला."

हसनाबादला मळ्यातल्या विहिरीवर पाय घसरून त्यांची उजवी मांडी मोडली होती. जालन्याच्या दवाखान्यात, हाड सरळ बसावं म्हणून, पाय वजन लावून ओढून बांधला होता. अरुंधती जुन्या जालन्यातल्या सासरहून रोज डबा आणायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

डॉक्टरसाहेब फेरीला आले. महायुद्धामुळे दुखणं थांबवणारा मॉर्फिया मिळेनासा झाला होता, म्हणून त्यांनी नियमच केला होता : दुखतंय हे रोग्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नातेवाइकांच्या सांगण्यावरून सुई मिळणार नाही.

"मार्तंडराव, दुखतंय?"

"बिलकुल न्हाई."

चादर आबांच्या मुठीत चुरगळली होती. गळ्यावर घाम आला होता. अरुंधतीला सगळं दिसत होतं. पण त्यांच्या घरात 'दुखतंय' हा शब्द कुणी काढत नसे. बाळंतपणातही तिनं काढला नव्हता. चारचौघांत बापाला खोटं कसं पाडायचं? तिनं डब्याचं झाकण लावलं.

डॉक्टर वळले, तोच शेजारच्या खाटेवरचा रामकिसन किंचाळला. त्याचं नुसतं मनगट मोडलं होतं. धड हातानं त्यानं उजवी मांडी आवळून धरली होती.

"मांडी! कुणी तरी मांडी वढून राह्यलंय माझी!"

"हात मोडलाय का पाय रे?" दुर्गाबाई नर्स हसल्या. "इथला चहा लई आवडला वाटतं."

पण त्याचे डोळे पांढरे झाले होते. डॉक्टरांनी मांडी चाचपली. हाड शाबूत होतं. मात्र त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दुर्गाबाईंनी त्याला सुई दिली.

रामकिसन तळमळतच राहिला.

आबांच्या पापण्या मात्र जड झाल्या. मूठ सुटली. "आता बरं वाटून राह्यलंय, माय," ते अडखळत म्हणाले आणि घोरू लागले.

योगायोग, अरुंधतीनं स्वतःला बजावलं. भरपूर वाचलेली बाई होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसन गाठोडं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला होता.

"मांडी कशी आहे?"

"पहाटं एकदम थांबलं बघा, ताई. जसं काही झालंच नव्हतं."

डबा हातात घेऊन ती आत गेली. आबांच्या खाटेभोवती पडदा होता. वाळूची पिशवी काढून ठेवलेली होती. चादर चेहऱ्यावरून ओढलेली.

डबा खाली कधी पडला, तिला कळलं नाही.

"पहाटं झोपेतच गेले," दुर्गाबाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "फक्त मूठ उघडंना, ताई. दोघांनी करून पाह्यलं."

चादरीबाहेर ती मूठ होती. पांढरी, आवळलेली.

अरुंधतीनं त्या मुठीवर हात ठेवला.

तिच्या स्वतःच्या उजव्या मांडीत कळ उठली. हाडाला दोर बांधून कुणी ओढावं तशी. तिनं खाटेचा गज धरला. दातांवर दात दाबले.

"काय झालं, ताई?"

"काही ना..."

कळ वाढली.

"दुखतंय," ती मोठ्यानं म्हणाली. "लई दुखतंय."

तिच्या तळव्याखाली आबांची बोटं एकेक करून सैल झाली.