धनंजयचा डावा हात

"मॅडम, माह्या धनंजयचा हात तोडला. सख्ख्या भावानं!"

रोहणा गावचे अण्णाजी वर्ध्यात गुप्तहेर वेदश्रीसमोर उभे होते. "उद्या दारूगोळ्याच्या जहाजावर निघणार होतं पोरगं. काल दुपारी झोपलं होतं, तवा योगेंद्रनं कुऱ्हाड घातली. वाटणीचा राग होता त्याले."

योगेंद्र कोठडीत होता. मारानं ओठ फाटलेला.

"दादाची महिनाभर सुट्टी बाकी हाय," तो म्हणाला. "वाटणी त्यातच होणार होती. मी काऊन मारू त्याले?"

सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ताकातून गुंगीचं औषध दिलं होतं. घाव घालण्याआधी दंडावर दोर आवळला होता. म्हणून वाचला."

"ताक मीच केलं," धनंजयची बायको काजल रडत म्हणाली. "पण सगळे संगंच जेवलो. हे तर महिनाभर राह्यणार होते. यांचं जहाज तर साखर नेते."

वेदश्रीने धनंजयला एकट्याला गाठलं.

"सरकारनं आमचं जहाज सैन्याच्या मालासाठी घेतलं," तो पुटपुटला. "घाव बसला त्याच्या आदल्या दुपारी ओसरीवर असताना कंपनीचा फोन आला. बोलाची मनाई होती. घरी कोणालेच सांगतलं नाई. जवळपास कोणी जागं नव्हतं."

बाहेर वेदश्रीचे सहकारी बंडोपंत म्हणाले, "काजलच! ताक तिचंच."

वेदश्रीने सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं. शिपाई योगेंद्रलाही घेऊन आला.

"आधी दोर आवळला, जेवायचा-लिहायचा उजवा हात सोडला. धनंजय जिवंत हवा होता, फक्त जहाजावर नको होता. काजल आणि योगेंद्रला मात्र जहाजावरचा माल बदलल्याचा पत्ताच नाही. दोघं अजून सुट्टीच धरून आहेत. दारूगोळ्याचं मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, अण्णाजी. फोन आला तेव्हा ओसरीवर तुम्ही झोपेचं सोंग घेतलं होतं."



"मंग मले काऊन अडकवलं, बाबा?" योगेंद्रने विचारलं.

"तुरुंगातलं पोरगं वापस येते," अण्णाजी म्हणाले. "समुद्रातलं येत नाई."

धनंजय छताकडे पाहत म्हणाला,

"बाबा, सैन्याच्या मालावर येतो का, हे कंपनी आमाले विचारते. हात तुटायच्या आधी, सकाळीच मी नाई म्हणून कळवलं होतं."

अण्णाजी त्याचा उजवा हात धरायला वाकले. धनंजयने तो पांघरुणात ओढून घेतला.