राणीसाहेबांचा श्वास

कार्तिक सरत आला होता. मालवणातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्याचं दार मी नुकतंच उघडलं होतं, तर पायरीशी बैलगाडी येऊन थांबली. दोघा पुरुषांनी एका बाईला धरून खाली उतरवलं. हिरवं नऊवारी, नाकात नथ, डोळ्यांत हे एवढं काजळ आणि... अगो आई, काय तो श्वास! छाती वर ओढली जात होती, ती खाली यायचं नाव घेत नव्हती. दर खेपेला गळ्याच्या खळगीत कातडी आत जायची, आणि आतून शिट्टी वाजायची.

"डॉक्टर खंय आसत?" गाडीवाल्याने विचारलं.

"कुडाळला गेलेत, येतीलच. तोवर मी आहे. तुम्ही दोघे बाहेर थांबा."

"अगो बाय, पण ता..."

"बाईमाणूस आहे, कळत नाही का? बाहेर!" असं म्हणून मी दार लावून घेतलं.

ती बाई हात हलवून मला काहीतरी सांगू बघत होती. "मी... मी..."

"बोलू नका. बोलायला श्वास लागतो, आणि तुमच्याकडे तो उधळायला नाही." तिला टेबलापाशी बसवलं, समोर उशी ठेवली, तिच्यावर हात टेकवून पुढे वाकायला लावलं. चोळी भलतीच घट्ट होती. मी पुढची गाठ सोडली.

आणि फडक्याचा एक भलामोठा बोळा टप्पकन जमिनीवर पडला. मागोमाग दुसरा.

मी बोळ्यांकडे बघितलं. मग बाईकडे. तेव्हा कुठे मला तोंडाला फासलेल्या सफेद्याखालचे दाढीचे खुंट दिसले. बाहेरून गाडीवाला ओरडला, "नर्सबाय, ती आमची राणी गो! रातभर खेळ झालो, आणि शेवटाक दहीकाल्याक दम लागलो!"

मालवणची मुलगी मी! दशावतारात बायकांची कामंही पुरुषच लुगडं नेसून करतात, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तरी चांगली फसले. कानशिलं तापली माझी. पण त्या छातीकडे बघितलं आणि लाजायला वेळच उरला नाही.

"राणीसाहेब," मी म्हटलं, "श्वास घ्यायचं विसरा. सोडा. नुसता सोडा. चुलीत फुंकणीने फुंकतात ना, तसे ओठ बारीक करा. माझ्या हाताकडे बघा."

मी मूठ धरली आणि सावकाश, अगदी सावकाश उघडत नेली. हात उघडेल तसा श्वास बाहेर, मिटेल तसा आत. मुंबईत हे मी शेकडो वेळा केलं होतं. पण त्या काजळभरल्या डोळ्यांनी माझ्या हातावर जी नजर लावली, तशी कुणी लावली नव्हती. बुडणारा माणूस दोराकडे बघतो ना, तशी. डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू शिट्टी उतरली.

"तुम्ही हसला नाहीत," त्याचं हे पहिलं सबंध वाक्य. गावात मालवणी बोलणारा माणूस, पण दवाखान्यात आला म्हणून शुद्ध मराठीत.

"हसायचं कशाला?"

"सगळे हसतात. लुगड्यातला पुरुष मरायला टेकला तरी लोकांना हसूच येतं."

"मी श्वास बघत होते. लुगडं नाही."

त्याने खाली पडलेले बोळे उचलले, धूळ झटकली, आणि अशा काही ऐटीत काखोटीला मारले की मग मात्र मला हसू आवरेना. तोही हसला. नाव गुरुदास. राहणार जवळच्याच खेड्यात, नानांच्या दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी.

"आणि तुमच्या कामाला काय म्हणतात, बाई?"

काय सांगणार? नाव होतं कुठे त्याला! नर्सिंगचा कोर्स संपला तेव्हा मुंबईच्या इस्पितळात पोलिओच्या पोरांसाठी एक वॉर्ड उघडला होता. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि माझे पायच थांबले. लोखंडाची एक लांबलचक पेटी, तिच्या एका टोकाला तेवढं एका मुलीचं डोकं बाहेर, वेणीला लाल रिबीन. पेटी सुस्कारा टाकायची आणि मुलगी श्वास घ्यायची. "आपल्याला न मागता जे मिळतं ना पोरी," आमच्या पारशी मेट्रनबाई म्हणाल्या, "ते हिला हे यंत्र देतंय. बघून घे नीट." एकदा वीज गेली. आम्ही दोघी-तिघींनी पेटीखालचा दांडा हाताने हलवत ठेवला. खांदे भरून आले, पण थांबायची कुणाची छाती होती? माझ्या दंडातला जोर त्या मुलीच्या नाकातून वारा होऊन जात होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. देवळात मला तेवढं कधी थरारल्यासारखं झालं नाही. तिथेच मी ऑक्सिजनचं नळकांडं हाताळायला शिकले, बरगड्यांवर हात ठेवून आतला कफ कुठे अडलाय ते ओळखायला शिकले, ओंजळीने पाठ थोपटून तो सोडवायला शिकले. मग मालवणात परत आले, तर इथे सगळ्यांना गंमत. "श्वास घेवक शिकयता म्हणे ही! आमी काय इतकी वर्सां हवा खाल्लव नाय?"

"नाव अजून पडायचंय," मी गुरुदासला म्हटलं. "आठवड्याला एकदा या. मी शिकवीन."

तो यायला लागला. जत्रांचे दिवस. कंपनी गावोगाव पायी फिरायची, पेटारे डोक्यावर. मालवणच्या आसपास खेळ झाला की सकाळी स्वारी दवाखान्यात हजर. कधी कानाच्या पाळीला सफेदा राहिलेला, कधी भुवई अजून राणीची. मी त्याला उताणं निजवून पोटावर तांदळाचं मापटं ठेवायची. "छाती नाही, मापटं वर गेलं पाहिजे." मग निरांजन लावायची, हातभर दूर धरायची. "फुंका. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. आणि वाकलेली राहिली पाहिजे, मी सांगेपर्यंत."

पहिल्या दिवशी ज्योत फटकन विझली.

"बघितलं? जोर करता. जोर नको, धीर हवा."

"तुम्ही समोर असताना धीर कसा..." एवढं बोलून तो थांबला.

"काय?"

"काही नाही. काडी ओढा परत."

मी काडी ओढली.  पडवीसमोर समुद्र गप्प पडलेला, किल्ल्याच्या भिंतीवर कोवळं ऊन, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती एवढीशी ज्योत. तो फुंकर घालायचा, ज्योत माझ्याकडे वाकायची. तिची ऊब माझ्या हनुवटीला लागायची. नर्सने असल्या गोष्टी मनात आणायच्या नसतात, हे मी स्वतःला रोज बजावत होते. उपयोग शून्य!

माझ्या आईला वास लागायला किती वेळ लागणार? बाबा बोटीवर खलाशी, त्यामुळे घरात तिचंच राज्य. "सुगंधा," ती मासे चिरता चिरता म्हणाली, "रातभर लुगडां नेसणारो जावय माका नको हां. आधीच सांगान ठेवतंय."

"आई! तो पेशंट आहे."

"तर तर! पेशंटासाठी कोण आबोलीचो वळेसर माळता गो?"

मी वळेसर काढून आत ठेवला. अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा माळला.

एकदा गुरुदास आला तो थेट आडवाच झाला. मापटं पोटावर, नजर वाशांकडे.

"नानांनी सांगितलंय," तो म्हणाला. "आमच्या गावच्या जत्रेला राणीचा विलाप आहे. मध्ये दम तुटला, तर पुढच्या खेळापासून राणीचं काम कंपनीतला सहदेव करणार. मी पडद्यामागे पेटारे सांभाळायचे." त्याने पोटावरचं मापटं सावरलं. "नाना वाईट नाहीत. गेल्या वर्षी दोनदा मी विलापात अडकलो, लोक उठून गेले. पण सुगंधाबाई, मला दुसरं काही येत नाही हो. उभा राहिलो की लोक रडतात, एवढंच येतं."

 "दम तुटणार नाही," मी म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं, देव जाणे. दमा काय माझ्या बापाचा नोकर होता? त्याच दुपारी तणतणत नानांना गाठलं. यमदूताच्या प्रवेशाला त्यांचा गडी मशालीवर राळ उडवायचा, तो धूर थेट राणीच्या छातीत जायचा.

"राळ बंद करा."

"राळ नाय तर यमदूत कसलो गो बाय?" नाना कळवळले. यमदूत तेच व्हायचे. "पोस्टमन दिसतलंय मी!"

"चालेल. पण राणी जगेल."

त्यांनी डोकं खाजवलं आणि कबूल केलं.

जत्रेला मी आईला घेऊन गेले. म्हणजे तीच मला घेऊन गेली, माझ्यावर डोळा ठेवायला. विलाप यायला तांबडं फुटायची वेळ झाली. बाकड्यावर राजा निपचित, उशाशी समई. ती विझली की राजाचा प्राण जाणार, अशी गोष्ट. शेजारी राणी. मला ठाऊक होतं ते कोण आहे, तरी क्षणभर विसरले. मान वळवली त्याने, नुसती मान, आणि माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला.

यमदूत आला. आणि मशाल धरणाऱ्या गड्याने जत्रेच्या भरात, सवयीने, मूठभर राळ उधळली.

भपकन जाळ उठला. बायका किंचाळल्या, पोरं खूश झाली. धूर राणीच्या तोंडावर. "यमदूता, माझ्या धन्याला..." एवढं वाक्य निघालं, आणि पुढे आवाज नाही. खळगी आत ओढली गेली. ती शिट्टी मला शंभर माणसांतून ऐकू आली. नाना गोंधळले. पायपेटीवाला एकच सूर धरून बसला. मागे कुणीतरी म्हणालं, "झाला, अडाकलो ह्येचो दम परत."

मी उभी राहिले. आईने पदर ओढला, तो मी सोडवला. मूठ वर धरली, सगळ्या गावासमोर, आणि सावकाश उघडत नेली.

त्याने बघितलं.

मग राणीने जे केलं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. ती खाली बसली, समई जवळ ओढली, आणि ज्योतीवर फुंकर घातली. बारीक, लांब. ज्योत वाकली. लोकांना वाटलं, राणी धन्याचा प्राण तोलून बघते आहे. देवळापुढे खेळासाठी जमलेला अख्खा मांड चिडीचूप. ज्योत वाकायची, सरळ व्हायची, परत वाकायची. माझा हात उघडत होता, मिटत होता. शेजारच्या म्हाताऱ्याचा श्वास त्या ज्योतीबरोबर चालू लागलेला मी ऐकला. मग माझ्या आईचा. मग सगळ्यांचाच. एवढी माणसं एकाच लयीत श्वास घेत होती आणि कुणालाच ते कळत नव्हतं! अंगावर काटा आला माझ्या. त्या लोखंडी पेटीपुढे पाय थांबले होते ना, तसंच झालं. केवढी मोठी गोष्ट आपण नाकावर घेऊन फिरतो, बाई!

शिट्टी विरली. राणी उठली.

"यमदूता," ती म्हणाली, आणि तो आवाज देवळाच्या मागच्या माडांपर्यंत गेला, "श्वास ओढून घ्यायला सगळेच शिकतात. सोडायला शिकवणारं माणूस मला भेटलंय. ते समोर असलं की ज्योत विझत नाही. तू धन्याला सोड, म्हणजे मी त्या माणसाला विचारीन, जन्मभर असं समोर बसशील का?"

हे गोष्टीत नव्हतं. यमदूताचा जबडा खाली आला. "कोण गो ता?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

मांडात हशा पिकला.  पण राणीची नजर होती तिथेच होती, आणि बघता बघता सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यमदूताने मुकाट्याने राजाला सोडून दिलं.

उजाडल्यावर देवळामागे गेले. तो खोबरेल लावून रंग पुसत होता. अर्धा चेहरा राणी, अर्धा गुरुदास.

"गोष्टीत नसलेलं बोललात."

"आमच्यात लिहिलेलं काही नसतं. सुचेल ते बोलायचं."

"मग खरं कुठलं आणि सोंग कुठलं, कसं ओळखायचं?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "सुगंधा, माजो दम तुका ठाऊक आसा. सोंगासाठी फुकट घालवण्याइतको तो माज्याकडे नाय." पहिल्यांदाच तो माझ्याशी मालवणीत बोलत होता. "विचारलंय ता खरांच विचारलंय. पण दवाखानो सोड म्हणान सांगूचंय नाय. ता काम सोडलंस तर माज्यासारख्यांनी जावचा खंय?"

  मागून आई आली, आमच्या दोघांकडे बघितलं, नाक मुरडलं. "रडयल्यान मेल्यान माका," एवढं पुटपुटली आणि प्रसाद आणायला म्हणून निघून गेली. बाजू कुठली घेतली ते मला कळलं.

तो उभाच होता. डोळे माझ्यावर, अर्ध्या ओठावर लाली, छाती वर गेलेली ती तिथेच.

"हे काय?" मी ओरडले. "श्वास धरून काय बसलास? एवढे दिवस काय शिकवलं मी? सोड मेल्या, सोड आधी!"

"तू काय ता सांगल्याशिवाय..."

"हो म्हणतेय ना रे! हो! आता तरी सोड!"

त्याने सोडला. एवढा लांब श्वास मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले. कुठेही अडला नाही.