आमोण्याच्या आजीची हिरवी अंगठी

सेजलने उजव्या डोळ्याला भिंग लावलं आणि नेमका तेव्हाच तो दुकानात शिरला.

"घड्याळाचो सेल बदलून मेळतलो?"

"ह्या घड्याळाचा दुकान नाय. सोनाराचा आसा," मान वर न करता ती म्हणाली.

"मगीर दोळ्याक तें कितें लायलां?"

"खरा-खोटा कळाक."

तो हसला, आणि परत जायचं सोडून काउंटरवर कोपर टेकून उभाच राहिला. बोलण्यावरूनच तो इथला, पेडण्याचा नव्हे हे तिला कळलं होतं. निहार त्याचं नाव, गाव आमोणे, आणि पेडण्याच्या कृषी कार्यालयात बदली होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याची नजर ट्रेमधल्या तीन हिरव्या खड्यांवर गेली.

"तीनूय पाचू?"

"एकच. दुसरो पेरिडॉट, खरो खडो, पण पाचूपेक्षा स्वस्त. तिसरी नुसती काच."

"म्हाका तर सगळे सारकेच दिसतात!"

"तुमका भात आनि तण सारख्याच दिसता?"

"ना, ना!" तो जवळजवळ दुखावलाच. मग जरा थांबून म्हणाला, "आजयेच्या आंगठेक असोच खडो आसा... हाडूं?"

"हाडा," ती म्हणाली, आणि तो गेल्यावर स्वच्छ असलेला ट्रे पुन्हा पुन्हा पुसत बसली.

आता सेजलची एक गोष्ट सांगायलाच हवी. ती गोकुळदास शेटांची एकुलती एक लेक. जयपूरला जाऊन खडे पारखायला शिकली आणि बापाच्या दुकानात बसू लागली. दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा होता. होणाऱ्या सासूने चारचौघांत कौतुकाने तिच्या बोटात पाचूची अंगठी घातली, आणि या बाईसाहेबांनी सवयीने बोट उजेडाकडे फिरवून म्हटलं, "ही तर काच!" झालं... पाहुणे चहासुद्धा न घेता उठले. तेव्हापासून पेडण्याच्या बाजारात थट्टा चालायची — गोकुळदासाच्या चेडवाक खडो दाखवचो, पण आंगठी घालूची नाय. सेजलही हसायची. पण एकटी असली की मनात यायचं, एक दिवस तोंड मिटून बसले असते तर काय बिघडलं असतं? पुढच्या वेळी बोलायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं. पुढची वेळ मात्र काही येत नव्हती.

गुरुवारी निहार रुमालात बांधून अंगठी घेऊन आला. सेजलने ती बराच वेळ न्याहाळली. हा पाचूच निघू दे, असं तिला का वाटावं, देव जाणे!

"पाचू न्हय," ती शेवटी हळूच म्हणाली. "पेरिडॉट."

"कशें कळ्ळें?"

तिने भिंग त्याच्या हातात दिलं. "डोळ्याच्या अगदी जवळ धरा. आता खड्याच्या तळाकडचे काठ बघा. एकेक रेघ दोन-दोन दिसता?"

तो वाकला. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि भाताच्या तुसाचा वास होता. सेजलने श्वास रोखला... उगाचच.

"दिसता. दोन-दोन."

"पाचूत तशी दिसना. पाचूच्या पोटात बारीक भेगा असतत, बाग लावल्यासारखी."

"आनी तुमच्या गालार तीळ मात एकूच आसा."

"खडो बघा. माका नको."

"कितें करूं? भिंगांतल्यान सगळेंच दिसता."

तिचे कान तापले. पण अंगठी पुन्हा रुमालात बांधताना तो गंभीर झाला. "आजयेक हें कळूंक फावना हां. आजोबान हाडिल्लो. तिका तो पाचूच."

सेजलने मान डोलावली. आपलं खरं पुन्हा कुणाला नकोसंच झालं, एवढंच तिच्या मनात टोचत राहिलं.

पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर! "आजयेच्या पेटयेंत आनीक एक मेळ्ळो." मग आणखी एक. मग आणखी. हिरवं टुर्मलीन, चमचमणारं अॅव्हेंच्युरिन, एकदा तर आतमध्ये बुडबुडे असलेली साधी काच. बदल्यात तो तिला वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतातली रोपं आणून दाखवायचा — भाताच्या पात्याच्या बुडाशी इवलीशी जीभ असते, तशाच दिसणाऱ्या तणाला नसते. ती पात्यावर झुकली की तो पात्याऐवजी तिच्याकडेच बघायचा. गोकुळदास शेट पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि पान उलटायला विसरायचे.

पाचव्या गुरुवारी त्याने आणलेल्या खड्याला आरपार भोक होतं, आणि भोकात लाल दोऱ्याचा तुकडा.

"आजयेच्या पेटीत हरमलच्या किनाऱ्यावर विकतत ते मणी खयसून इले?" सेजलने विचारलं.

निहारचा चेहरा पडला. "पेटी-बिटी कांयच ना," तो पुटपुटला. "आंगठी खरी. बाकीचे... हांवें विकते हाडले."

"फटींग! खोटारडो खयचो! कित्याक?"

"दर बिरेस्तारा येवपाक कारण नाका?" त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गुरुवारांकडे बोट केलं.

ती हसायला लागली, आणि मध्येच थांबली. "माझ्याबद्दल बाजारात काय बोलतत, ता ऐकलंस?"

"पयल्याच दिसा."

"तरी येत रवलंस?"

"म्हणून तर आयलों," तो म्हणाला. तिचा हात काउंटरवर होता. त्याने एक बोट... फक्त एकच बोट त्यावर ठेवलं. "लग्न करशी म्हजेकडेन?"

तिने हात काढून घेतला नाही. पेपरामागून गोकुळदास शेट उगाचच खाकरले.

साखरपुड्याला निहारची आजी चंद्रावती आमोण्याहून स्वतः आली. तिने हातातली हिरवी अंगठी काढली आणि सेजलच्या बोटात सरकवली. "अस्सल पाचू गो बाय! ह्याच्या आज्यान हाडिल्लो."

 गोकुळदास शेटांनी डोळे मिटून घेतले. निहारने आजीच्या पाठीमागून हळूच मान हलवली... नको. सेजलने बोट हलवलं नाही, उजेडाकडे पाहिलंसुद्धा नाही. या वेळी गप्प बसायचं. निहार हातचा जाता कामा नये.

"तूं पारखी मगो?" आजीने विचारलं. "सांग पळोवया, कसो आसा?"

सेजलला त्या म्हातारीचे डोळे दिसले, आणि तिला खोटं बोलवेना.

"आजी... खडो खरो आसा," ती म्हणाली. "पण पाचू न्हय."

कुणाची तरी कपबशी वाजली. आजी तिच्याकडे बघतच राहिली, आणि मग खुदकन हसली.

"पन्नास वर्सां जालीं, म्हाका खबर आसा. म्हापशाच्या सोनारान लग्नाच्या दुसऱ्याच वर्सा सांगिल्लें. पूण कितले उमेदीन हाडिल्लो तांणी... तांकां कशें सांगतलें?" तिने पदराने डोळे टिपले. "आतां घरांत सगळीं म्हाका 'पाचू, पाचू' म्हणून फटयतात. एक तरी खरें सांगपी आयली!"

तिने सेजलला जवळ ओढून घेतलं. सेजलला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. कुणी पेढे वाटायला लागलं, कुणी निहारच्या पाठीत धपाटा घातला, आणि गोकुळदास शेटांनी डोळे उघडले.

मग सेजलने बोट खिडकीच्या उजेडाकडे फिरवलंच. निहार तिच्या कानाशी वाकला. "कितें दिसता?"

"खडो बरो आसा," ती म्हणाली. "आनि बाजूक एक फटींग उभो आसा. तोय मी ठेवतलय."