नावाआधीचं अक्षर

आमच्या वर्गाचा नियम असा: ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे, त्यानं तोंड उघडायचं नाही. प्रा. श्रीनिवास आगटे पांढऱ्या फळ्यावर त्याचं नाव लिहीत आणि आधी 'कै.' लावत. "लेखक वारला असं समजा, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल." हा त्यांचा विनोद. चर्चा संपली की 'कै.' पुसून म्हणत, "बोला." मग लेखकानं बोलायचं.

लोणी काळभोरच्या एका विद्यापीठात सर्जनशील लेखनाचं एम.ए. चालतं. वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून मी ते करत होते. त्या सत्रात विषय होता 'लोकप्रिय साहित्य': रहस्यकथा, भयकथा, गूढकथा. शिकवणाऱ्यालाच त्याची शिसारी होती.

द्वारका वाशीमहून आलेली. तिनं गूढकथा लिहिली. ती वाचून मी घराची कडी पुन्हा तपासली होती. सरांनी ते कागद दोन बोटांत धरले.

"हे एसटी स्टँडवर खपतं, बाई. शेंगदाण्यांशेजारी."

वर्ग हसला. माझी कानशिलं तापली.

"सर, मी बोलू?" द्वारकानं विचारलं.

"कैलासवासी माणसं बोलत नसतात."

ते निघून गेले. 'कै.' तसंच राहिलं. मी डस्टरनं घासलं, गेलं नाही. पक्क्या शाईचा मार्कर असेल, असं धरून चालले.

कँटीनमध्ये द्वारकानं चहा मागितला. काउंटरवरच्यानं तिच्या मागच्याला विचारलं, "काय देऊ?" स्वारगेटच्या बसमध्ये कंडक्टर तिचं तिकीट न फाडताच पुढे गेला. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर शिकणारा संजय वर्गात आला आणि त्यानं तिच्या मांडीवर बॅग ठेवली. त्याच्या मते खुर्ची रिकामी होती.

"आईला फोन लावला," ती मला म्हणाली. "आई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. ताई, तुम्हाला तरी ऐकू येऊन राहिलं ना?"

येत होतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. शुक्रवारी नुसते ओठ हलताना दिसले.

मी तिला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, फक्त 'बोला' म्हणा."

"कोणाला?"

"द्वारकाला. ही काय, उभी आहे."

त्यांनी तिच्या आरपार खिडकीकडे पाहिलं. चष्मा पुसला.

"आपण पत्रकार ना? बातमी देण्याआधी माणूस आहे की नाही, एवढी तरी खातरजमा करत चला."

द्वारकानं माझा दंड धरला होता. तिची बोटं मला जाणवत नव्हती.

मी त्यांच्या टेबलावरचा मार्कर उचलला, बाहेर आले आणि दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. अक्षर वळणदार आलं.

सोमवारी सर फळ्यापुढे उभे राहून शिकवत होते. कोणी मोबाइलमधून मान वर केली नाही. शिपाई भैरू डोकावला.

"सर आलं न्हाईत जनू. चला, कुलूप लावायचंय."

सर त्याच्या तोंडावर ओरडले. तोंड उघडलेलं दिसलं, आवाज नाही. भैरूनं पंखे बंद केले. वर्ग रिकामा झाला.

"आता तरी म्हणा," मी सरांना म्हणाले.

ते वळले. आता त्यांना खुर्चीत बसलेली द्वारका दिसली. त्यांचे ओठ हलले: बोला.

द्वारकानं कानामागे हात धरला. मग मान हलवली. नाही.

"कुनासंगं बोलताय, ताई?" भैरूनं मला बाहेर काढून कुलूप लावलं.

मी दाराच्या काचेतून पाहत राहिले.

सर बाहीनं फळा घासत होते. 'कै.' हललं नाही. 'द्वारका' पुसलं गेलं.

तिची खुर्ची रिकामी होती.

फळ्यावर 'कै.' आणि पुढे कोरी जागा. सरांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. खिशातून मार्कर काढला आणि दातांनी टोपण उघडलं.