परतीचा व्हॉल्व्ह

टॉवरमध्ये दोन मिसळलेले द्रव उकळायचे. हलका होता तो वाफ होऊन वर जायचा, थंड होऊन पुन्हा पातळ व्हायचा, आणि त्यातला बराचसा परत खाली सोडावा लागायचा, नाहीतर माल शुद्ध उतरत नसे. परत आलेलं पुन्हा उकळा, म्हणजे बॉयलरच्या वाफेची नासाडी. सुपरवायझरच्या ते जिवाला लागायचं. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला दोन जिने चढणारा गृहस्थ तो! सोमवारी सकाळी त्यानं परतीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला. माल तसाच शुद्ध. मंगळवारी आणखी आवळला. तरी शुद्ध. असं होत नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण वाफेच्या खर्चाचा आकडा उतरत होता आणि साहेब चक्क हसले होते.

सोमवारीच दुपारी फिटर पाइपच्या जोडात बसवायची गॅस्केट आणायला बाजारात निघाला. "जातो," म्हणाला.

"येतो म्हणावं, बाबा," सुपरवायझर म्हणाला.

"तेच म्हणालो की," फिटर गोंधळून म्हणाला.

तो पुन्हा फिरकलाच नाही. फोन नुसता वाजत राहायचा. बुधवारी सुपरवायझरनं टॉवरखालून कुणाला तरी हाक मारली, तर नेहमी घुमून येणारा आवाजही आला नाही. त्यानं मान वर करून परतीच्या व्हॉल्व्हकडे पाहिलं.

गुरुवारी बायकोचा फोन. चिमणी, त्यांची नऊ वर्षांची लेक, कोपऱ्यावर पेन्सिल आणायला गेली त्याला दोन तास झाले होते. सगळी गल्ली पालथी घातली होती.

"अहो, निघताना 'जाते' म्हणाली," बायको म्हणाली. "कधी म्हणत नाही हो ती तसं."

तो धडपडत टॉवरचा जिना चढला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

पाइप थरथरला. आत काहीतरी खळखळत खाली उतरलं.

त्यानं हाक मारली. हाक घुमून आली.

फोन वाजला. चिमणी पेन्सिल घेऊन दारात उभी होती. आत्ताच तर गेले होते, म्हणत होती.

तो पायरीवर बसून रडला. डोळे पुसले, तर समोर वाफेचा काटा भराभर चढत होता. चार दिवसांची मेहनत! पोरगी तर सापडली, आता खुळ्यासारखं कशाला घाबरायचं? त्यानं व्हॉल्व्ह पुन्हा होता तितका आवळला, साहेबांना विचारून सुट्टी घेतली आणि फाटक गाठलं.

समोरून फिटर येत होता. हातात गॅस्केट, दाढी सोमवारसारखीच गुळगुळीत.

"दुकानात जरा गर्दी होती," तो म्हणाला. "तुम्ही निघालात?"

"हो, चिमणी वाट बघतेय," सुपरवायझर म्हणाला. "जातो."