चौसष्ट चौकोन आणि तीन बोटं

"चार वाजता मच्छीमार संघाची माणसं प्रात्यक्षिक पाहायला येतील. तोवर हिनं कबुली दिली नाही, तर ही तक्रार पोलिसांत जाईल," टेबलावरचा कागद थोपटत कारखान्याचे प्रमुख डॉ. हत्वार म्हणाले.

'ही' म्हणजे चैत्रा उडुप, सव्वीस वर्षांची इंजिनिअर. रडून रडून डोळे सुजले होते, पण मान ताठ होती.

चौकशीसाठी बोलावलेल्या शरावती हेग्गडेंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. त्यांचा मदतनीस तिम्मय्या निवृत्त हवालदार. समोर कॉफी येईपर्यंत जगातला प्रत्येक माणूस गुन्हेगार, हे त्याचं सरळ शास्त्र. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात अजून कॉफी आलेली नव्हती.

हत्वारांनी तळहाताएवढं पॅनेल पुढे केलं. "होडीवर बसवायचा अँटेना. तांब्याचे चौसष्ट चौकोन, आठ ओळींत आठ-आठ. कुणी किती उशिरा बोलायचं हे आकड्यांचा तक्ता ठरवतो. सगळे तालात बोलले, की पॅनेल न हलवता झोत हवा तिकडे वळतो. होडी डुलली तरी उपग्रह सुटत नाही. आज झोत भलतीकडेच जातोय! अठरा आकडे खोटे निघाले. तक्ता हिच्याकडे, आणि हिचा होणारा नवरा आमच्या स्पर्धकाकडे नोकरीला!"

"मी एकही आकडा बदललेला नाही," चैत्रा म्हणाली.

"कोणते अठरा?" शरावतींनी वही उघडली.

"दहा ते पंधरा, सव्वीस ते एकतीस, बेचाळीस ते सत्तेचाळीस."

"लॉटरीचे दिसतात," तिम्मय्या पुटपुटला.

"तक्त्यासाठी मोजणी कधी केली?" शरावतींनी चैत्राला विचारलं.

"आयुधपूजेला, खंडेनवमीच्या दिवशी. सकाळी पॅनेल मापनखोलीत चढवलं. सरांनी दीडचा मुहूर्त काढला होता. कोहळा फोडला, जेवलो आणि मी बाहेरूनच मोजणी सुरू केली. दार उघडलं असतं तर आतली हवा स्थिर होईपर्यंत मुहूर्त टळला असता. सुट्टीनंतर पॅनेल हातात आलं ते लख्ख पुसलेलं. मला वाटलं, सरांनीच पुसलं."

"मी कशाला पुसू?" हत्वार कडाडले.

"आता पुन्हा मोजा ना," तिम्मय्यानं तोडगा काढला.

"सहा तास लागतात," चैत्रा म्हणाली.

पॅनेलची चौकट घडवणारे निजगुणप्पा कार्यशाळेत लेथ पुसत होते. त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे होते. लेथवर तेच, ड्रिलवर तेच, कॉफीच्या थर्मासवरही तेच! तिम्मय्या लेथला टेकला आणि ओरडत बाजूला झाला. पट्ट्यांवर मुंग्यांची रांग लागली होती.

"चावल्या का, अण्णा? भस्म मधात कालवतो मी," निजगुणप्पा ओशाळून म्हणाले. "नुसत्या पाण्यातलं वाळून गळतं. घ्या, कॉफी घ्या."

"पूजेला सगळ्यांना लावलंत?" शरावतींनी विचारलं.

"पॅनेल सोडून. साहेब म्हणाले, विज्ञानाच्या कपाळी राख नको."

"वाईट वाटलं?"

"अम्मा, माझ्या हातचं शेवटचं काम ते. पुढच्या महिन्यात घरी बसणार मी. सगळी पोरं ओवाळायची आणि धाकट्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवायचं?" म्हातारा पुन्हा लेथकडे वळला.

तीन वाजता शरावतींनी सगळ्यांना मापनखोलीपाशी गोळा केलं. वहीत आठ ओळींत आठ-आठ चौकोन आखून त्यांनी ते खोटे अठरा पेन्सिलीनं काळे केले.

"तिम्मय्या, काय दिसतं?"

"तीन आडव्या रेघा. एक सोडून एक ओळ. जशी..." बोलता बोलता त्याची नजर निजगुणप्पांच्या कपाळावर गेली.

"साप साप म्हणून भुई धोपटत होतात तुम्ही, डॉक्टर. घातपात करणारा आकडे इकडचे तिकडचे बदलेल. रेघा ओढायच्या त्या बोटांनी, बोटं फाकतील तेवढ्या अंतरावर. पूजेला सगळे जेवायला बसले तेव्हा कुणीतरी आत गेलं आणि पॅनेलला भस्म लावून आलं. तिथून लहर मधाच्या थरात रेंगाळून बाहेर पडली. मोजणीनं तो उशीर इमानानं टिपला. सुट्टीनंतर भस्म पुसलं गेलं. पॅनेलवरचा उशीर गेला, तक्त्यातला राहिला. आकडे कुणी बदललेच नाहीत, बदललं ते पॅनेल."

निजगुणप्पा पुढे आले. "साहेबांना दिसेल म्हणून मीच पुसलं. राखेनं एवढं होईल हे मला काय ठाऊक? माझ्यामुळे या पोरीवर..."

"ही नुसती गोष्ट झाली," हत्वार म्हणाले. "पुरावा?"

"तो निजगुणप्पांच्या बोटांत आहे. भस्माची वाटी आणा."

वाटी आली, पण म्हातारा बोटं बुडवायला धजेना. चैत्रानं रागानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. "अज्जा, त्या दिवशी लावलंत तस्संच."

तीन बोटं पॅनेलवरून फिरली. चैत्रानं दार लावून कळ दाबली. पडद्यावरची झोताची वाकडी रेघ सरकत सरकत हव्या त्या जागी जाऊन उभी राहिली. तिनं झोत डावीकडे वळवला, मग उजवीकडे. रेघ मुकाट तिच्यामागे गेली. हत्वारांनी तक्रारीचा कागद चार वेळा फाडला आणि ते म्हणाले, "चैत्रा, चुकलो मी."

"प्रात्यक्षिक मी करणार, सर," ती म्हणाली.

चारला मच्छीमार आले. त्यांच्या म्होरक्यानं पॅनेल निरखलं आणि खिशातून रुमाल काढला. "यावर काहीतरी सांडलंय की!"

"पुसू नका!" हत्वार एवढ्यानं ओरडले, की तिम्मय्याच्या हातची कॉफी सांडली.